बटणची तंद्री

"या घरात साबण कोण खातं, ते एकदा मला कळू दे."

आजी हे कोणाला उद्देशून म्हणाली नाही. हातात धरलेल्या शर्टाच्या कॉलरला म्हणाली. पण लाँड्रीची मागची खोली ती केवढी. एका अंगाला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या अंगाला इस्त्रीची दोन टेबलं आणि मधे वाळत टाकलेल्या चादरींच्या रांगा. तिथं कोणी मनात बोललं तरी शेजारच्याला ऐकू जायचं. बटणच्या आईनं इस्त्री जरा जोरात दाबली, वाफेचा फुस्स आवाज काढला आणि ऐकू न आल्याचं सोंग केलं. बटणचे बाबा यंत्राच्या गोल काचेसमोर वाकून बसले होते, ते आणखी वाकले. जणू आत टॉवेल फिरत नव्हते, मासे पोहत होते.

यंत्रांना लागणारी साबणाची पूड पोत्यांनी यायची. वडी फक्त कॉलर आणि बाह्यांसाठी, आणि ती आजीच्या मालकीची. पूर्वी एक वडी महिना काढायची. हल्ली बघावं तर मोरीच्या कट्ट्यावर तिचा नुसता पापुद्रा. आजीनं पुन्हा एकदा हुंकार दिला आणि विषय सोडून दिला. कारण त्या वडीचा एक वाटा तिच्याही हातून जात होता आणि तो कशापायी जातो हे तिला कोणालाच सांगायचं नव्हतं.

दुपार कलली की त्या खोलीत वाफ उतरायची. खरं तर वाफ वर चढते, पण तिथं ती उतरल्यासारखी वाटे, संथपणे, पाहुण्यासारखी, कोपऱ्यातल्या टोपल्यांवर टेकत. उजेड दुधाळ व्हायचा. चादरी आपोआप हलत राहायच्या. त्या चादरींच्या मधोमध बटण उभी असायची.

ती पहिलीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत घातलं होतं आणि ते तिथंच राहिलं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून निखळलेल्या बटणांचा डबा पुढ्यात घेऊन ती गल्ल्याच्या टेबलाखाली तासन्‌तास बसायची, म्हणून ती बटण. पण मधेच कधीतरी तिचा हात थांबायचा. ती उठायची, चादरींत शिरायची, चवड्यांवर उंच व्हायची, एका पायाची आढी दुसऱ्यावर घालायची आणि चादरीची कड मुठीत घट्ट धरून लांब कुठंतरी बघत राहायची. हाक मारली तरी ओ नाही.

"लागली बघा तंद्री," बाबा म्हणायचे. त्यांच्या आवाजात कौतुक मावायचं नाही. "कुठल्या देशात जाऊन येते कोण जाणे."

"आजोबांवर गेलीय," आजी म्हणायची. "त्यांना भाजी आणायला पाठवावं तर ते चौकात ढग बघत उभे."

तंद्रीत कोणी दंगा करायचा नाही असा घरचा अलिखित कायदा होता. बटणची आई तर इस्त्रीचं टेबलही हळू सरकवायची.

त्याच तंद्रीनंतर कधी कधी बटणच्या चड्डीला डाग दिसायचा. आईला दिसला की ती पोरीला गपचूप मोरीत न्यायची, कपडे बदलायची, डाग आजीच्या वडीनं घासून काढायची आणि ओल्या हातानं तिचा गाल धरून सांगायची, "कोणाला बोलायचं नाही हं, राणी." आईला वाटायचं, सासूच्या कानावर गेलं तर बोलणी पोरीला बसतील. नवऱ्याच्या कानावर गेलं तर त्याची स्वप्नाळू लेक त्याच्या नजरेतून उतरेल. दोन्हीपेक्षा गप्प राहणं स्वस्त.

मग एक दिवस शाळा सुटताना बाईंनी आईला फाटकापाशी बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हत्या. बोलताना त्या आपल्या पर्सच्या चापाकडे बघत होत्या, यावरूनच कळत होतं.

"मुलं हिच्या बाकावर बसत नाहीत हल्ली. मी रागावते त्यांना. पण काय आहे, लहान मुलांना नाकं असतात आणि तोंडंही असतात."

"तिची तब्येत जरा..." आई म्हणाली.

"हो, तेच. मी म्हणत होते, पुढच्या सत्रापासून तिला बालवर्गात बसवू या का? तिथं मदतनीस असते कपडे बदलायला. सत्र संपायच्या आत काय ते ठरवू."

बटण आईचं बोट धरून तिथंच उभी होती. रडली नाही. लाँड्रीच्या पायरीवर मात्र थबकली.

"बालवर्गात छोट्या खुर्च्या असतात ना? माझे गुडघे मावतील का टेबलाखाली?"

आईला त्या दिवशी एकही शर्ट नीट इस्त्री करता आला नाही.

डॉक्टरांकडे ते आधीही जाऊन आले होते. पोर दिवसचे दिवस संडासला जात नाही, गेली की रडते, म्हणून त्यांनी पाण्यात कालवून द्यायची पूड दिली होती. ती सुरू केली आणि कपड्यांना पातळ डाग दिसायला लागले. पोट बिघडलं असं समजून आईनंच पूड बंद करून डब्याला झाकण लावलं, वर मऊ भात आणि केळं चालू केलं. आता मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी बटणला झोपवलं, पोटावरून हलके बोटं फिरवली, डाव्या बाजूला थांबल्या, पुन्हा दाबून पाहिलं.

"इथपर्यंत सगळं साचलंय. आधी ते मोकळं करू, मग पूड रोज," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी आमच्याकडे पालकांचा वर्ग असतो. घरात हिचे कपडे जे जे धुतात त्यांनी यायचं."

"मीच धुते," आई म्हणाली.

शनिवारी ती पदर खोचून निघाली तर आजी चपला घालून दारात हजर. "तुला एकटीला त्या हॉस्पिटलात दिशा सापडायच्या नाहीत." मागून बाबांनी 'बंद आहे' अशी पाटी लावली. लाँड्रीला दिवसाढवळ्या कुलूप पाहून समोरच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," आजी म्हणाली. "गेलं की पहिल्यांदा तुलाच कळवीन."

हॉस्पिटलात पोचल्यावर बटण समोरच्या चौकोनी आवारात इतर मुलांबरोबर खेळायला बसली आणि मोठी माणसं आत गेली. खोलीत ठेंगण्या खुर्च्या होत्या, बहुधा मुलांच्याच. त्यावर एक बसचालक, गणवेशातला एक पहारेकरी, एक तरुण जोडपं आणि आपली तीन माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. प्रत्येकजण आपापल्या पायांकडे बघत होता. शिकवायला एक सिस्टर आल्या. बुटक्या, बाह्या दुमडलेल्या, आवाज घसा पोळल्यासारखा.

"इथं एकच नियम," त्या म्हणाल्या. "'ते' म्हणायचं नाही."

"ते म्हणजे?" बसचालकानं विचारलं.

"तेच."

जरा हशा झाला आणि खुर्च्या करकरल्या.

"शी म्हणा, संडास म्हणा, तुमच्या घरात जो शब्द असेल तो म्हणा. तुमच्याकडे काय म्हणता?"

हा प्रश्न बाबांच्या वाट्याला आला. "आम्ही," बाबा घसा साफ करत म्हणाले, "आम्ही काम म्हणतो."

"आणि तुम्ही पोटापाण्यासाठी रोज करता ते?"

"तेही काम."

"मग पोरीनं ओळखायचं कसं?" सिस्टर म्हणाल्या. "मोठ्यांना ज्याचं नाव घेता येत नाही, ते पोरांना भूत वाटतं."

मग त्यांनी एक लांब मोजा काढला. त्यात लोकरीचा गोळा कोंबला. मोजा मधेच अजगरासारखा फुगला. टोकाला कापून भोक पाडलं होतं. वरून त्यांनी तांब्याभर पाणी सोडलं. गोळा जागचा हलला नाही. पाणी मात्र त्याच्या कडेकडेनं वाट काढत आलं आणि खालच्या घमेल्यात टपटपलं.

"बाहेर काय आलं?"

"पाणी," कोणीतरी म्हणालं.

"गोळा?"

"आतच."

"मुलांच्या चड्डीला लागतं ते हे. आत कोंडलेलं तसंच असतं आणि कडेनं पातळ झिरपतं. मूल मुद्दाम करत नाही. त्याला कळतसुद्धा नाही. आणि आपण म्हणतो, पोट बिघडलं, औषध बंद करा."

बटणच्या आईनं मान खाली घातली. डब्याचं झाकण तिच्या डोळ्यांपुढं आलं, ते किती घट्ट लावलं होतं तेही.

सिस्टरनी गोळा उपसून काढला. मोजा मधे ढिला पडून लोंबत राहिला. "आता हा पायात घातला तर?"

"उतरणार खाली," आजीच्या तोंडून निघून गेलं. "ताण गेला त्याचा."

"आजी, धंदा कपड्यांचा वाटतं?"

"लाँड्री."

"मग सांगा, ताणलेलं पुन्हा आवळतं का?"

"नाही आवळत. गिऱ्हाईक भांडतं वर."

"इथं आवळतं," सिस्टर म्हणाल्या. "एवढं आपलं शरीर कापडापेक्षा बरं. पण आतून रोज रिकामं राहिलं तर, आणि सवड दिली तर. महिने लागतात, कोणाला वर्षही. तोवर मुलाला आतून निरोपच येत नाही की आता जायला हवं. म्हणून आपण बसवायचं. जेवण झालं की थोड्या वेळानं, पायाखाली ठोकळा, गुडघे कमरेच्या वर, घाई नाही. बसलं म्हणून शाबासकी द्यायची, झालं म्हणून नाही. पाणी, फळं, भाज्या हव्यातच, पण सगळा भार केळ्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. पूड रोज. मनानं कमी नाही, मनानं बंद नाही. शंका आली तर फोन करा, शेजारणीला विचारू नका."

मग त्या खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. चवड्यांवर उंच झाल्या. एका पायाची आढी दुसऱ्यावर घातली, खुर्चीची पाठ मुठीत धरली आणि लांब खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"हे ओळखीचं वाटतं कोणाला?"

"तंद्री," बाबा हळूच म्हणाले.

"नाही हो. धरून ठेवतात. कधीतरी एकदा खूप दुखलेलं असतं. ते पुन्हा होऊ नये म्हणून अंगातली सगळी ताकद लावून धरून ठेवतात. हाक ऐकायला ताकद उरत नाही."

बाबा आपल्या तळहातांकडे बघत राहिले. कितीदा त्यांनी गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं, त्या चादरींकडे मान वळवून हसले होते.

"आता सांगा," सिस्टरनी आईला विचारलं, "कपडे कितीदा खराब होतात?"

"कधीतरीच. या आठवड्यात एकदा. सोमवारी."

"सोमवारी कुठं, बुधवारी," आजी म्हणाली. "मी स्वतः..." आणि थांबली.

बाबा खोकले. "गुरुवारी झालं होतं. आणि काल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं एकाच घरात तीन मुठी झाकलेल्या होत्या आणि तिन्हींत तोच साबण.

"वडी," आई पुटपुटली.

"मला वाटलं, मी एकटीच चोर," आजी म्हणाली. "तुझ्यापासून लपवत होते गं. तुला आधीच कमी व्याप आहेत का."

"आणि मी तुमच्यापासून."

"मी दोघींपासून," बाबा म्हणाले.

बसचालकाला हसू आवरेना, पण ते प्रेमळ होतं. सिस्टरनी एवढंच विचारलं, "आणि धुताना तिला काय सांगायचात?"

तिघांचं उत्तर एकच होतं. कोणाला बोलायचं नाही.

घरी आल्यावर बाबांनी फळकुटं घासून ठोकळा केला. कडा इतक्या गुळगुळीत केल्या की आजी म्हणाली, यावर आता लग्न लावायला हरकत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर बटण त्यावर पाय ठेवून बसायची आणि दार किंचित उघडं ठेवून बाहेर आजी बसायची. आजीनं गोष्ट काढली होती. जोडीतला एक मोजा हरवतो ना, तो कुठं जातो त्याची. असे सगळे एकटे मोजे वाफेवर बसून निघतात आणि एका गावाला पोचतात. तिथं सगळं उबदार आणि जरासं ओलं असतं. रस्ते इस्त्रीचे, घरं गाठोड्यांची. कोणी कोणाला तुझी जोडी कुठंय असं विचारत नाही.

"तिथं वास येतो का?" आतून बटणचा आवाज.

"येतो की. मोजेच ते. राजाचासुद्धा येतो."

"मग त्याच्या बाकावर कोणी बसत नाही?"

"सगळे बसतात. चिकटून बसतात. तिथं नाकं नाहीत ना कोणाला."

तरीही बटण अधूनमधून चादरींत जायचीच. सवय हाडात मुरलेली. पण आता आई इस्त्री ठेवून तिच्यामागं जायची. ओरडायची नाही, खेचायची नाही. पलीकडच्या चादरीआड खाली बसून राहायची. वाफ दोघींभोवती फिरत असायची. एका दुपारी पांढऱ्या कापडापलीकडून आपणहून शब्द आले.

"आत एक प्राणी आहे. त्याला काटे आहेत."

सिस्टरनी सांगितलं होतं, वाद घालू नका, ऐका. आई ऐकत राहिली.

"मी हलले नाही तर तो झोपतो. हलले की काटे उघडतो."

"केवढा आहे?"

"आधी छोटा होता. मग त्यानं सगळी जागा घेतली."

आईनं चादरीवर हात ठेवला. पलीकडून एक लहानसा हात तिच्या हाताला लागला, मधे फक्त कापड. "स्टार्च केलेली कॉलर कशी असते?" आईनं विचारलं.

"टोचते."

"आणि पाण्यात बुडवली की?"

बटणनं विचार केला. "मऊ पडते."

"तुझी पूड तेच करते. पाणी धरून ठेवते आत. काटे भिजले की टोचत नाहीत. मग तो निघून जाईल."

"कुठं?"

आईला एकदम आजीचं गाव आठवलं, पण तिथं याला पाठवणं बरं दिसलं नसतं. "खाली, नळातून, खूप लांब. तिथं त्याचे नातेवाईक आहेत."

बटण हसली. चादर हलली.

पहिले काही आठवडे सोपे गेले नाहीत. कपडे आधीपेक्षा जास्त खराब व्हायचे. आजीच्या मनात आलं, पूड अर्धी करावी. चमचा हातात घेऊन ती उभी राहिली, तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "आई, फोन करू या का आधी?" त्यांनी केला. सिस्टर म्हणाल्या, उद्याही तेवढीच द्या, आणि मधल्या काळात तुमचा साबण जपून वापरा. आता मोरीत लपवाछपवी नव्हती. ज्याला दिसेल तो धुवायचा आणि कधी कधी दोघं एकाच वेळी वडीला हात घालायचे. हळूहळू कोरडे दिवस येऊ लागले. एकामागून एक, बुजऱ्या पाहुण्यांसारखे.

एक गोष्ट मात्र अडली होती. बसवलं की बटण बसायची, काम व्हायचं, पण स्वतःहून कधी उठली नाही. "निरोप यायला वेळ लागतो," सिस्टर म्हणायच्या. "तार तुटली होती, सांधतेय." आणि घरातली मोठी माणसं वर्ग करून आली तरी तो शब्द कोणाच्या जिभेवर चढत नव्हता. 'बसून आलीस का', 'हलकं वाटतंय ना', 'झालं का काम'. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड अशी वर्गानं जात नाही.

सत्र संपत आलं तेव्हा एका दुपारी बाई स्वतःच लाँड्रीत आल्या. शाळेचे पडदे धुवायला दिले होते ते न्यायला. पडदे घडी करून तयार होते, पण बाई ते घेऊन निघेनात.

"तर मग," त्या पर्सच्या चापाशी चाळा करत म्हणाल्या, "तिचं काय ठरवायचं? मला परवा यादी द्यायची आहे. इकडे ठेवू की बालवर्गात?"

"आता खूप बरं आहे तिला," आई म्हणाली.

"म्हणजे, ते..."

"ते आता जवळजवळ नसतंच," बाबा म्हणाले. "क्वचित कधी, जरासं."

"पोर गुणी आहे," आजी म्हणाली, कारण तिलाही काहीतरी म्हणायचं होतं.

"गुणी आहेच हो. पण वर्गात मी एकटी. ती स्वतःहून सांगते का, हाच प्रश्न आहे. सांगितलं तर मी लगेच पाठवीन, त्यात काही नाही. न सांगता झालं तर मग पुन्हा मुलं, पुन्हा ते सगळं."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं आजीकडे. सांगते असं म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर त्या छोट्या खुर्च्या. काउंटरवरचे पडदे कोणीतरी उगीच सारखे केले. मागच्या खोलीतून वाफ येत होती आणि चौघंही त्यात उभी होती, घसा खाकरत.

बटण काउंटरच्या कडेला बसून बटणं रांगेनं लावत होती, मोठ्याशेजारी मोठं. तिचा हात थांबला. आईनं ते पाहिलं. नेमकं आत्ताच. पोरीचा चेहरा आत वळला होता, दारावर कोणी आलंय का हे ऐकावं तसा. मग ती उठली. टाचा जमिनीवर होत्या. पायाला आढी नव्हती. तिनं फ्रॉक सारखा केला आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मधेच बोलायला लागतंय याची जरा लाज वाटल्यासारखं.

"बाई, तुम्ही बोला सगळे," ती म्हणाली. "मला शी लागलीय. मी जाऊन येते."